सायकलचा दिवा : लुकलुकता की स्थिर?



काल याच व्यासपीठावर उपनिषदांवर व्याख्यान झाले, उद्या मराठ्यांच्या आरमारावर व्हायचे आहे. या दोहोंच्या मध्ये सायकलच्या दिव्याला एक संध्याकाळ द्यावी असे चालकांना वाटले, याबद्दल मी त्यांचे आभार मानतो. विषय वाचून काही मंडळी घरीच बसली असतील. जी आली आहेत त्यांतल्या निम्म्यांच्या घरी सायकल असेल, आणि उरलेल्या निम्म्यांची मोटार रोज रात्री कुणाच्या ना कुणाच्या सायकलच्या मागून जात असेल, असे धरून मी बोलणार आहे.

मी शास्त्रज्ञ नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण लेथवर झाले, आणि त्यापुढचे युनियनच्या कचेरीत, नगरवाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. गेली पंचवीसएक वर्षे कामगारांची संघटना बांधण्याचे काम करतो आहे. पगार, बोनस, रजा यांची भांडणे तर चालतातच. पण दुसरी पाळी सुटताना कारखान्याच्या गेटवर उभे राहिले की आणखी एक प्रश्न डोळ्यांसमोरून सायकल हाणत जातो. कायम कामगार मोटारसायकलवर असतो. कंत्राटी हेल्पर, पहारेकरी, कँटीनमधला पोरगा, झाडलोट करणारी बाई ही माणसे सायकलवर किंवा पायी. कुपवाडच्या वसाहतीत खांबांवर दिवे आहेत तोवर सगळे ठीक चालते. वसाहत संपली, उसाची शेते लागली, की पुढचे चार-सहा किलोमीटर काळोख. त्या काळोखात मागून ट्रक येत असतो आणि पुढे या माणसाचा एक छोटा लाल दिवा असतो.

त्या दिव्याला एक बटन असते. एकदा दाबले की दिवा स्थिर जळतो. पुन्हा दाबले की सावकाश लुकलुकतो, आणखी एकदा दाबले की पिसाटल्यासारखा. मी गेटवर पुष्कळांना विचारले, ‘बाबा, तू कोणता ठेवतोस?’ बहुतेकांचे उत्तर, लुकलुकता. ‘का?’ तर कुणी म्हणाला, ‘लक्ष जातं,’ आणि कुणी म्हणाला, ‘सेल पुरतो, साहेब.’ दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि तरीही काळ्याकुट्ट रस्त्यावर मागे एकच दिवा असेल तर तो स्थिर ठेवावा, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे सांगायला मी उभा आहे.

आमच्या पोरवयात ही निवडच नव्हती. चाकाच्या टायरला घासणारा बाटलीसारखा डायनॅमो, ६ व्होल्ट, ३ वॅट. चढावर पाय जड करायचा, आणि चौकात थांबलात की दिवाही थांबायचा. म्हणजे जिथे ट्रक वळणार तिथेच आपण आंधळे आणि अदृश्य. त्याच्या आधीच्या पिढीकडे रॉकेलची बत्ती होती; ती वाऱ्याने विझे आणि पोलीस धरी. एल.ई.डी. आली आणि पहिल्यांदा असा दिवा हातात आला की जो सेकंदात कितीही वेळा बंद-चालू केला तरी बिघडत नाही. मग तो लुकलुकवायला कारखानदाराचे जाते काय? एक चिप. बटनावर जितके प्रकार जास्त तितका दिवा भारी, अशी एक समजूत बाजारात आहे. सात-सात प्रकारांचे दिवे मी पाहिले आहेत. त्यांतले पाच प्रकार लग्नाच्या मांडवाला बरे.

आता डोळ्याचे पाहू. माणसाच्या डोळ्याचा मधला भाग बारकावे पाहतो, कडेचा भाग बदल टिपतो. मांजर कोपऱ्यातून पळाले की मान आपोआप वळते, ती कडेच्या नजरेमुळे. म्हणून दुकानांच्या पाट्या, रिक्षांचे दिवे, मोटारींचे दिवे अशा शंभर स्थिर दिव्यांत एक दिवा लुकलुकला, तर डोळा त्याच्याकडे जातो. ‘इथे काहीतरी आहे’ ही बातमी लुकलुकता दिवा फार चांगली देतो.

पण ट्रक-ड्रायव्हरला तेवढीच बातमी पुरत नाही. ते काहीतरी किती दूर आहे? ते थांबले आहे की चालले आहे? रस्त्याच्या कडेला आहे की मध्ये सरकते आहे? ही दुसरी बातमी डोळा एका क्षणात मिळवत नाही. तो दिव्याचा पाठलाग करतो. मघाशी कुठे होता, आता कुठे आहे, मोठा झाला का, यावरून अंदाज बांधत जातो. दिवा मध्येच विझला की तो धागा तुटतो. साठ किलोमीटर वेगाने येणारा ट्रक सेकंदाला जवळजवळ १७ मीटर येतो. सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा अर्धा सेकंद विझलेला असेल, तर तेवढ्यात ट्रक आठ मीटर पुढे आलेला असतो, आणि सायकलवाल्याने खड्डा चुकवायला हँडल वळवले असेल तर दिवा पुन्हा लागतो तो भलत्याच ठिकाणी.

उद्याच्या आरमाराच्या व्याख्यात्यांची क्षमा मागून एक समुद्राचा दाखला देतो. दीपस्तंभ लुकलुकतो. का? प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप ठरलेली असते. तिच्यावरून खलाशी तो कोणता आहे हे ओळखतो. दीपस्तंभ जागचा हलत नाही आणि कुठे आहे ते नकाशावर छापलेले असते. पण चालत्या जहाजाच्या डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा दिवा अखंड जळता असला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कारण समोरच्याला हे जहाज कुठे तोंड करून चालले आहे ते सतत कळायला हवे. आपली सायकल जहाजाच्या वर्गातली आहे.

या प्रश्नावर देशोदेशींचे कायदेही एकमताचे नाहीत, आणि हे मला उद्बोधक वाटते. जर्मनीत आणि हॉलंडात सायकलचा पुढचा-मागचा दिवा लुकलुकता चालत नाही. जर्मनी या बाबतीत इतकी कडक की २०१३ सालापर्यंत सायकलला डायनॅमोच हवा असा तिथे नियम होता. सेलवरचा दिवा पुरेसा मानला गेला तो त्या सालापासून. इंग्लंडने उलट वाट धरली. तिथे २००५ साली लुकलुकता दिवा कायदेशीर झाला, पण मिनिटाला ६० ते २४० उघडझापा, त्याही समान अंतराने, अशी मर्यादा घालून. म्हणजे सेकंदाला एक ते चार. डेन्मार्कमध्ये लुकलुकता चालतो, पण मिनिटाला किमान १२० वेळा लुकलुकला पाहिजे. पाहा, ज्यांनी परवानगी दिली त्यांनीही फार सावकाश लुकलुकणाऱ्याला कुठेतरी रेघ मारली आहे. दिवा फार वेळ विझलेला राहू नये ही काळजी दोघांनाही आहे. इंग्लंडने वरचीही रेघ मारली हे मला शहाणपणाचे वाटते, कारण सेकंदाला तीनपासून तीसपर्यंतच्या झगमगाटाने काही फेफऱ्याच्या रोग्यांना झटका येऊ शकतो, आणि पिसाटलेले दिवे याच टापूत पडतात.

डेन्मार्कचे नाव निघाले म्हणून तिथल्या एका प्रयोगाविषयी सांगतो. ओडेन्से नावाच्या शहरात २००४-०५ साली ३,८४५ सायकलस्वार घेतले. १,८४५ जणांच्या सायकलींना असे दिवे बसवले की चाकाच्या आऱ्यांवर लोहचुंबक, चाक फिरले की दिवा चमकत राहायचा, दिवसाही आणि रात्रीही. सेल नाही आणि बंद करण्याचे बटनही नाही. उरलेले २,००० नेहमीसारखे. वर्षभराने हिशेब केला तेव्हा दिवेवाल्यांना दुखापतीचे अपघात १९ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. लुकलुकत्या दिव्याचे कैवारी हा दाखला नेहमी देतात. तो चांगला दाखला आहे, पण कशाचा? दिवसाही दिवा चालू ठेवल्याने फायदा होतो याचा. लुकलुकता आणि स्थिर यांची तुलना त्यात केलेलीच नव्हती. शिवाय लोकांनी आपले अपघात आपणच कळवायचे होते. वाटाघाटीत मालकाने आकडा टेबलावर ठेवला की तो कशाशी ताडून काढला हे आधी विचारावे, ही आमची युनियनची सवय इथेही उपयोगी पडते.

तेव्हा माझा हिशेब असा आहे. दिवसा, आणि संध्याकाळी बाजारातून जाताना, लुकलुकता दिवा घ्या. तिथे अंतर ठरवायला ड्रायव्हरजवळ उजेड आहे, तुमची सबंध सायकल त्याला दिसते आहे. तुमच्याकडे त्याचे लक्ष जाणे एवढेच काम उरते. सांगलीहून मिरजेला सातच्या गर्दीत जाणाऱ्याला मी स्थिर दिव्याचा आग्रह करणार नाही.

अंधाऱ्या रस्त्यावर गोष्ट उलटी होते. तिथे शंभर दिवे नाहीतच, तुमचा एकच आहे. तो दिसायला लुकलुकण्याची गरज नाही. दिसलेला दिवा समजायला हवा. आणि एकटा दिवा, स्थिर असला तरी, समजायला कठीणच असतो हे लक्षात ठेवा. काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिले तर तो न हलताही हलल्यासारखा भासतो. तो लहान दिवा जवळ आहे की मोठा दिवा लांब आहे, हे कळायला साधन नसते. गळिताच्या हंगामात आपल्याकडे एका डोळ्याचा ट्रॅक्टर समोरून येतो, तो मोटारसायकल समजून किती जण बाजूला सरकायचे थांबतात! म्हणून ज्याला परवडते त्याने मागे दोन दिवे लावावेत : एक स्थिर, दुसरा त्यापासून वीतभर खाली किंवा बाजूला, आणि हवा तर तो लुकलुकता. स्थिर दिवा पाठलागाला, लुकलुकता हाक मारायला. ज्याच्याजवळ एकच आहे त्याने रस्त्याचे दिवे संपले की बटन दाबून तो स्थिर करावा. एवढे करायला खाली उतरावे लागले तरी उतरावे.

पुढच्या दिव्याविषयी तर अंधारात वादच नको. पुढचा दिवा तुम्हाला खड्डा दाखवतो. लुकलुकत्या उजेडात खड्डाही लुकलुकतो. धुक्यात आणि पावसात पुढे लुकलुकता दिवा लावला तर प्रत्येक झटक्याला पांढरी भिंत डोळ्यांवर येते. तिथे स्थिर, मंद आणि खाली झुकवलेला. आणि हल्ली पहाटे रांगेने सायकली चालवणारी हौशी मंडळी आहेत. चांगली गोष्ट आहे. पण मागच्याच्या डोळ्यांपासून दोन हातांवर तुमचा तो लखलखाट असतो. त्याने तो फोडायच्या आत स्थिर करावा.

आता सेलाचे गाऱ्हाणे. ते खोटे नाही. दिवा अर्धा वेळ विझलेला असला तर सेल साधारण दुप्पट पुरतो, आणि ज्याला तीनशे-चारशे रुपये रोज मिळतो त्याला दुप्पट ही मोठी गोष्ट आहे. पण हिशेब पुरा करू या. कामगाराचा अंधारातला प्रवास धरा पाऊण तास. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे साडेचार तास. मोबाइलच्या चार्जरवर चालणारा साधा दिवा स्थिर लावून पाच तास टिकत असेल तर रविवारी एकदा लावून ठेवला की आठवडा निघतो. डब्यावर जितके तास लिहिलेत त्याला आपल्या प्रवासाने भागायचे, आणि थोडे कमीच धरायचे, कारण डब्यावर लिहिणारा उदार असतो.

इथे मला एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. ऑस्ट्रेलियात काही संशोधकांनी बंद रस्त्यावर रात्री २४ ड्रायव्हरांना मोटारीत बसवले आणि वाटेत पायडल मारणारी माणसे वेगवेगळ्या कपड्यांत ठेवली. २०१२ साली ते छापून आले. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार १०० पैकी २ वेळा ओळखला गेला. भडक पोपटी जाकीटवाला १५ वेळा. उजेड परतवणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला ५० वेळा. आणि त्या जाकिटाबरोबर घोट्याला आणि गुडघ्यालाही तशाच पट्ट्या बांधलेला ९० वेळा. कारण उघड आहे : घोटे वरखाली होतात, आणि ती चाल पाहताच ड्रायव्हरच्या मनात ‘माणूस, सायकलवर’ हे शब्द आपोआप उमटतात. कडू भाग पुढेच आहे. हँडलवर लावलेल्या दिव्याने, तो स्थिर असो वा लुकलुकता, ओळखण्यात काही भर पडली नाही. संशोधकांनी बजावले की दिवा लावणारा माणूस आपण दिसतो आहोत अशा भ्रमात राहण्याचा धोका आहे.

मग मी हे तासभर काय बोलतो आहे? अहो, दिवा काढून टाका असा याचा अर्थ नाही. पट्टी चमकते ती मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने. बाजूच्या गल्लीतून वळणाऱ्याचा उजेड तिच्यावर पडत नाही, आणि ज्या ट्रॅक्टरचा एकही डोळा धड नाही त्याच्यापुढे ती मुकी आहे. तिथे तुमचा स्वतःचा दिवाच लागतो. पण दिवा हाक मारतो आणि घोट्याची पट्टी नाव सांगते, हे या प्रयोगातून मी शिकलो. पट्टीची किंमत एका चहाच्या आसपास. दोन्ही घोट्यांना बांधा. बायकांनी साडीवरून बांधली तरी चालते, आमच्या काही भगिनी बांधतात.

त्या पोपटी जाकिटाविषयी मात्र थोडे बोलू द्या, कारण ते माझ्या धंद्याचे आहे. एका कारखान्यात, नाव घेत नाही, आम्ही रात्रपाळीच्या कंत्राटी माणसांसाठी दिवे आणि पट्ट्या मागितल्या. व्यवस्थापनाने मोठ्या मनाने पोपटी जाकिटे वाटली. त्यांवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत, आणि पट्टी नाही. पोपटी रंग दिवसा उन्हात झळाळतो, रात्री मोटारीच्या उजेडात त्याची मिजास उतरते. वर सांगितलेले १५ म्हणजे तेच. आम्ही पट्टीचा आग्रह धरला तेव्हा उत्तर आले : ‘गेटबाहेरचा रस्ता आमचा नाही.’

हे उत्तर आता तितके सोपे राहिलेले नाही. २०१० साली कामगार विम्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि घरून कामावर येता-जाताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच अपघात धरावा असे ठरले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईच्या कायद्यालाही हाच अर्थ लावला. तो खटला आपल्याच महाराष्ट्रातला. साखर कारखान्यातला एक पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीला दुचाकीवरून निघाला आणि वाटेत गेला. त्याच्या घरच्यांना हे ऐकायला बावीस वर्षे लागली. भरपाई मिळाली पाहिजे, तिच्यासाठी आम्ही भांडू. पण भरपाईच्या एका फाईलच्या खर्चात सगळ्या पाळीला दिवे येतात, हा हिशेब मी प्रत्येक व्यवस्थापकापुढे मांडतो. काहींना तो पटतो. दोन ठिकाणी दिवे आले आहेत.

दिवा आला म्हणजे लावता आला पाहिजे. आमच्या माणसांच्या कॅरिअरवर जेवणाच्या डब्याची पिशवी असते आणि दिवा सीटच्या दांडीला. पिशवी बरोबर दिव्यापुढे येते. पावसाळ्यात रेनकोटचा पदर त्याच्यावर पडतो, थंडीत शालीचा. म्हणून दिवा कॅरिअरच्या शेवटच्या टोकाला किंवा मडगार्डवर बांधावा, आणि तो जमिनीशी काटकोनात ठेवावा. आभाळाकडे पाहणारा दिवा घुबडांच्या कामाचा. काचेवरची धूळ रोज बोटाने पुसावी. ट्यूबचा जुना तुकडा कापून दिव्याभोवती आवळला तर खड्ड्यात तो पडत नाही. हे कोणत्याही डब्यावर लिहिलेले नसते.

माझी वेळ संपली अशी खूण अध्यक्षांनी केली आहे, आणि तीही लुकलुकत्या नजरेने. एकच विनंती. मैदानाच्या त्या टोकाला माझे दोन सहकारी सायकली घेऊन उभे आहेत. एकाचा मागचा दिवा लुकलुकता आहे, दुसऱ्याचा स्थिर. मांडवातले दिवे पाच मिनिटे मालवायला सांगितले आहेत. दोघांपैकी जवळ कोण, लांब कोण, आणि कोण आपल्याकडे येतो आहे, ते प्रत्येकाने मनाशी ठरवावे आणि कागदावर लिहावे. कागद आणि पेन्सिली पहिल्या रांगेतून मागे येत आहेत. अंतर टेपने मोजून ठेवले आहे. ते दिवे लागल्यावर सांगतो.